नाटकाची मिनिटं मोजणाऱ्यांनी मुलं मोजावीत

कॉलेजातल्या मुलांनी दोन-दोन, तीन-तीन मिनिटांची नाटकं लिहायची आणि तासाभरात अशी पंधरा-वीस नाटकं एकापाठोपाठ एक करून दाखवायची, असं कुठे सुरू झालं की आपल्याकडे वाद ठरल्यासारखा पेटतो. ज्येष्ठ रंगकर्मी म्हणतात, हे नाटकच नव्हे, मोबाइलवरची रील मंचावर आणून ठेवली आहे. मुलांची बाजू घेणारे म्हणतात, जमाना बदलला, या पिढीला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही, तिला झेपेल तेवढंच द्या. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यवर्तुळात मी हा वाद बरीच वर्षं ऐकते आहे. विद्यार्थी असताना अशा गटात होते, आता एका महाविद्यालयातल्या गटासोबत तालमीला बसते. माझं ठाम मत असं की दोन्ही बाजू घड्याळाकडे बघत भांडतात आणि मुलांकडे कुणीच बघत नाही. मराठवाड्यातल्या विद्यार्थी रंगभूमीला आज सर्वांत जास्त गरज या अतिलघुनाटकांच्या गटांची आहे. वर्षभरात किती मुलं स्वतः लिहितात, किती जण उभी राहून स्वतःच्या शब्दांत बोलतात, किती जण एकदा फसल्यावर पुन्हा लिहायला बसतात, हा हिशेब मांडला तर दुसरा कुठलाही प्रकार त्याच्या जवळपास येत नाही.

आधी मुलांच्या बाजूचं बोलणं घेते, कारण ते प्रेमानं बोललं जातं आणि नुकसान अधिक करतं. या पिढीला लक्ष देता येत नाही, हे ठरवलं कुणी? लातूरच्या अभ्यासिकांत हीच मुलं भल्या सकाळी जाऊन बसतात आणि रात्री उठतात. गावात हरिनाम सप्ताह असला की दोन-दोन तासांच्या कीर्तनाला मांडी घालून बसतात. ज्यात त्यांना आपलं काही दिसतं तिथं ती हलत नाहीत. शिवाय तासात वीस नाटकं बघणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती एकदा बघावीत. दर तीन मिनिटांनी नवी माणसं, नवी जागा, नवा पेच. आधीचं मनातून उतरायच्या आत पुढचं सुरू. प्रेक्षकाला सतत जागं राहावं लागतं. तेव्हा 'झेपेल तेवढंच द्या' हा युक्तिवाद सोडून द्यावा. तो मुलांनाही कमी लेखतो आणि नाटकालाही.

आता एकांकिकेकडे येते, कारण विरोध करणाऱ्यांचा खरा जीव तिथं अडकलेला आहे. एकांकिकेनं आपल्याला काय दिलं, हे मी नाकारत नाही. पुण्यात १९६३ पासून सुरू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेनं महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयांना नाटकाचं वेड लावलं. औरंगाबादच्या मुलांच्या गटातून 'जिगीषा' ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी ही नावं साऱ्या मराठी रंगभूमीची झाली. नांदेडच्या दत्ता भगतांनी एकांकिकाही लिहिल्या आणि 'वाटा-पळवाटा'सारखं पूर्ण नाटकही. हा वारसा मोठाच आहे. पण आज आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात एकांकिका कशी बसते, तेही बघा. शहरातून एक दिग्दर्शक येतो. संहिता तोच आणतो, पुष्कळदा कुठल्या तरी स्पर्धेत आधी गाजलेली. दोन भूमिका बोलणाऱ्या, एक रडणारी, बाकीच्या दहा-बारा जणांचा काळ्या कपड्यांतला 'समूह'. हा समूह कधी झाड होतो, कधी दार, कधी दंगल. तालीम संध्याकाळी सहानंतर, कारण दिग्दर्शक तेव्हाच मोकळा. आणि गावाकडची शेवटची एसटी साधारण त्याच वेळेला सुटते. मग कोण गळतं? खेड्यातल्या मुली गळतात, पासवर ये-जा करणारी मुलं गळतात. हॉस्टेलवाले आणि शहरातले उरतात. महिनाभर तालीम, टेम्पोत सेट, प्राथमिक फेरीत एक प्रयोग, निकाल, संपलं. वर्षभराचं नाट्यकार्य त्या एका प्रयोगात आटोपतं. झाड झालेल्या मुलाला आपल्याला काही सांगायचं होतं की नाही, हे कुणी विचारलेलंच नसतं.

अतिलघुनाटकांच्या गटात हे सगळं उलटतं, आणि त्यामागे कुणाचा मोठेपणा नसतो, वेळेचं गणित असतं. तीन मिनिटांचं नाटक शेवटचा तास आणि एसटी यांच्या मधल्या वेळात बसतं. वीस नाटकं हवीत म्हटल्यावर एक लेखक पुरतच नाही, सगळ्यांना लिहावं लागतं. जो एका नाटकात दार झाला तो पुढच्या नाटकाचा दिग्दर्शक असतो. मुलींना आई, बायको आणि अत्याचारित एवढ्याच भूमिका मिळतात ही तक्रार आपण वर्षानुवर्षं ऐकतो. मुली स्वतः लिहायला लागल्या की ती आपोआप मिटते, कारण मुली स्वतःसाठी तलाठी लिहितात, कंडक्टर लिहितात, भांडकुदळ म्हातारी लिहितात.

एक नाटक जवळून सांगते. ते बीड जिल्ह्यातल्या एका मुलीनं लिहिलं. तिचे आई-वडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, शाळेत असताना तीही त्यांच्यासोबत गेलेली. पहिला खर्डा बारा मिनिटांचा होता. त्यात मुकादम होता, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल होती, फडावरची कोपी म्हणजे झोपडी होती, पाचटाला लागलेली आग होती, दारू पिऊन आरडाओरडा करणारा बाप होता आणि शेवटी मुलीचं प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण होतं. सगळं खरं होतं आणि काहीही पोचत नव्हतं, कारण ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेलं होतं. गटाचा नियम असा की तीन मिनिटांवर गेलं की कात्री. मुकादम गेला. कोपी गेली. बाप गेला. भाषण काढायला मात्र ती तयार होईना. रागावून तालमीला येणं बंद केलं. मग एक दिवस वही घेऊन परत आली. आता मंचावर फक्त एक गुरुजी, एक हजेरीपट आणि ओळीत बसलेली सहा मुलं. गुरुजी नावं घेतात, मुलं 'हजर' म्हणतात. पुन्हा हजेरी सुरू होते आणि मधूनच एक मूल उठतं, कोपऱ्यातलं बोचकं डोक्यावर घेतं, जातं. पुढच्या हजेरीला आणखी दोघं. नावं तीच, क्रम तोच, गुरुजींचा सूरही तोच. शेवटच्या हजेरीला समोर कुणीच नसतं. गुरुजी पहिलं नाव घेतात, थांबतात, दाराकडे बघतात आणि स्वतःच दबक्या आवाजात 'हजर' म्हणून पटावर खूण करतात. सहाही नावांना. दिवे जातात.

पट घसरला तर शिक्षकाचं पद धोक्यात येतं, हे आमच्याकडच्या खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. नाटकात त्याचा उच्चारही नाही. हा माणूस खोटारडा आहे, घाबरलेला आहे, की मुलं परत येतील म्हणून त्यांची जागा राखून बसला आहे? प्रेक्षकांत एका शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रयोगानंतर ते त्या मुलीशी बराच वेळ वाद घालत होते, की गुरुजींना असं दाखवायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी त्यांना वाईट कुठं दाखवलं? माझं नाव त्यांनी पटावर ठेवलं म्हणून तर मी दहावीला बसले." हे उत्तर तिच्या बारा मिनिटांच्या खर्ड्यात नव्हतं. कात्री लावता लावता ती तिथवर पोचली.

खोलीचा आक्षेप इथंच येतो आणि तो हलका नाही. माणूस बदलतो कसा, हे दाखवायला वेळ लागतो. एखाद्या बाईचा वीस वर्षांचा संसार मोडताना बघायचा तर आपल्यालाही तिच्यासोबत काही काळ त्या घरात राहावं लागतं. दोन-तीन अंकांचा दम सांभाळणं, पहिल्या अंकात पेरलेलं शेवटी उगवून आणणं, ही नटाची आणि लेखकाची वेगळीच ताकद आहे. तीन मिनिटांत ती कमावता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण यातून निष्कर्ष एवढाच निघतो की अतिलघुनाटक हे मोठ्या नाटकाला पर्याय नाही. ते नाटकच नाही, हे यातून कसं निघतं? काही गोष्टी बदलाच्या नसतात, क्षणाच्या असतात. गुरुजींची ती हजेरी दोन अंकांत ताणली असती तर त्यांना बायको आली असती, कर्ज आलं असतं, सहानुभूती आली असती आणि प्रश्न विरघळला असता.

आणि ही परंपरा परकी आहे, असं निदान मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये. सोळाव्या शतकात पैठणला गोदेच्या काठी एकनाथांनी काय केलं? त्यांच्या भारुडांतून वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, आंधळा, पांगळा, मुका येतो. प्रत्येक जण आपलं सोंग घेऊन उभा राहतो, थोडक्यात आपलं म्हणणं मांडतो आणि पुढच्याला जागा करून देतो. भवानीआईला रोडगा कबूल करणारी ती सून आठवा. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी दादला, एकेकाला वाटेतून दूर कर म्हणून ती देवीला साकडं घालते आणि 'एकटीच राहू दे मला'वर येऊन थांबते. हसता हसता ऐकणारा तिथं चमकतो, कारण घरातल्या भांडणाचं गाणं कुठल्या कुठे जाऊन पोचलेलं असतं. यात पात्र आहे, ताण आहे, चढत जाणारी कृती आहे, उलटवणारा शेवट आहे. सादर करायला काही मिनिटं पुरतात. नाथांना रील करायची होती, असं म्हणायची कुणाची तयारी आहे का?

पुढे दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो आणि समोरचा न दिसणारा माणूस त्याच्या बोलण्यातून आपल्याला दिसतो. अशा एक्कावन्न नाट्यछटांवर त्यांचं नाव आजही टिकून आहे. एका रात्रीत पाच अंक उलगडणाऱ्या संगीत नाटकांचा तो काळ होता, हेही लक्षात घ्या. पाच अंकांचे तीन झाले, तिनाचे दोन झाले, एकांकिका स्वतंत्र प्रकार म्हणून उभी राहिली. दर टप्प्यावर कुणी तरी नाटक संपलं म्हणून हळहळलं असेलच. आज जी एकांकिका 'खऱ्या' नाटकाचा किल्ला म्हणून राखली जाते, तिलाही कधी तरी याच दाराबाहेर उभं राहावं लागलं होतं. शिवाय विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटं, प्रहसनाला दहा आणि मूकाभिनयाला पाच मिनिटं मिळतात. ती पाच मिनिटं आपण नाट्यकला म्हणून मुकाट्यानं स्वीकारली. मग मुलं स्वतः लिहून बोलायला लागली की तेवढ्याच मिनिटांवर आक्षेप कशाला?

थोडक्यात सांगितलं की विषयही थोडा होतो, हा समज तर रस्त्यावरच्या नाटकानं केव्हाच खोडला आहे. सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचाचं 'मशीन' १९७८ मध्ये आलं. जेमतेम तेरा मिनिटांचं. त्यामागची घटना गाझियाबादच्या एका कारखान्यातली. कामगारांच्या मागण्या किती, तर सायकली लावायला जागा आणि चहापाण्यासाठी कँटीन. त्यावरून गोळीबार झाला आणि माणसं मेली. भारतीय पथनाट्याचा इतिहास सांगताना आजही त्या तेरा मिनिटांना वगळता येत नाही. नाटककार सॅम्युअल बेकेटचं 'ब्रेथ' तर मिनिटभराचंही नाही. पण उदाहरणांची रास घालून वाद जिंकण्यात मला रस नाही. मोठ्या लेखकांनी छोटं लिहिलं म्हणून मुलांचं छोटं आपोआप चांगलं ठरत नाही.

उलट, मुलांचं बरंचसं वाईटच असतं. विरोधकांचा दुसरा मुद्दा हाच आहे आणि मी तो झाकणार नाही. तीन मिनिटं म्हटलं की सुरुवातीला मुलं विनोद लिहितात, शेवटी एक पंच टाकतात, टाळी घेतात. नाही तर घोषणा लिहितात: झाडं लावा, मुलगी वाचवा, मोबाइल सोडा. यावर उपाय काय? मला दिसलेला उपाय एकच, पुन्हा लिहिणं. आणि पुन्हा लिहायची सोय इथंच आहे. एकांकिका फसली तर पुढची संधी पुढच्या वर्षी, तोवर मूल पदवी घेऊन गेलेलं. इथं या गुरुवारी फसलं तर पुढच्या गुरुवारी दुसरं. चौथ्या-पाचव्या नाटकापर्यंत विनोद आटतात, घोषणाही आटतात, आणि मग मूल नाइलाजानं आपल्या घराकडे, आपल्या गल्लीकडे बघायला लागतं. खरं लेखन तिथून सुरू होतं. एवढ्या वेळा फसायची मुभा आपल्या शिक्षणात दुसरीकडे कुठे आहे?

भाषेचंही तसंच. शिकागोत १९८८ साली एका गटानं साठ मिनिटांत तीस नाटकं करायचा खेळ सुरू केला. प्रेक्षकांनी आकडा ओरडायचा, त्या आकड्याचं नाटक व्हायचं. तो प्रयोग वर्षानुवर्षं चालला आणि विद्यार्थ्यांच्या अनेक गटांनी त्यातून प्रेरणा घेतली. त्यांचा मूळ नियम मला फार मोलाचा वाटतो: नटानं दुसरं कुणी असल्याचं भासवायचं नाही. तो दमला असेल तर खरंच दमलेला असला पाहिजे. आकड्यांची गंमत आमची मुलंही करतात, दोरीवर चिमट्यांनी कागद टांगतात आणि पुढची पोरं आकडे ओरडतात. पण तो नियम आमच्याकडे आला तेव्हा त्यानं वेगळंच काम केलं. एकांकिकेत उभं राहिलं की परभणीचं पोरगं पुण्याचं बोलायला लागतं. उच्चार सुधारतात, ओठ आवळले जातात आणि माणूस नाहीसा होतो. 'तू तूच आहेस, सोंग घ्यायचं नाही' म्हटल्यावर तेच पोरगं 'कामून', 'काय करायलास' म्हणत मंचावर आलं आणि पहिल्यांदा त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. प्रमाण भाषेवर माझा राग नाही, हा लेख मी तिच्यातच लिहिते आहे. पण उभं राहायला शिकताना पायाखालची जमीन आपली असावी.

पालकांचा आक्षेप मी लवकर आटोपते: नीट आहे, पोलीस भरती आहे, एमपीएससी आहे, नाटकात वेळ घालवून काय मिळणार? आठवड्याचे दोन-तीन तास गेल्यानं कुणाचा निकाल बुडत नाही. पण नाटक केल्यानं मुलाखतीत आत्मविश्वास येतो, असलं उत्तर मी देणार नाही. नाटकाला नोकरीच्या दाखल्याची गरज नाही. मराठवाड्यात महाविद्यालय आणि नाटक यांचं नातं फार जुनं आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि ते विद्यार्थ्यांनी केलं. शिकणारी पहिली पिढी होती ती, पोटाची चिंता आजच्यापेक्षा किती तरी मोठी होती. तरी नाटकाला तिथं जागा होती, कारण आपली गोष्ट आपण सांगणं हाही शिकण्याचाच भाग आहे, हे त्या शिक्षकांना कळत होतं.

मला खरी भीती वाटते ती तिसऱ्या आक्षेपाची, आणि तो घेणारे रंगकर्मी माझ्या जवळचे आहेत. ते म्हणतात, तुमच्या या नाटकांना ना सेट लागतो, ना लाइट, ना सभागृह. उद्या संस्थाचालक म्हणतील, एवढ्यात भागतं ना, मग एकांकिकेला पैसा कशाला, नाट्यगृह कशाला? हे घडू शकतं. काटकसरीचं कौतुक करता करता आपण मुलांची हक्काची साधनं काढून घेऊ शकतो. म्हणून स्वच्छ सांगते: अतिलघुनाटक कमी खर्चात उभं राहतं, याचा अर्थ त्याला कमी द्यावं असा नाही. एका नाटकातून दुसऱ्यात जाताना प्रकाश नसेल तर अर्धं नाटक हरवतं. आणि जिल्ह्याच्या नाट्यगृहाचं भाडं मुलांना परवडेल असं असावं, ही मागणी करणार कोण? ज्यानं एकदा झाड होऊन टाळ्या ऐकल्या तो करणार नाही. जी दहा नाटकं लिहून बसली आहे आणि जिला ती दाखवायला जागा हवी आहे, ती करेल. एकांकिकेला उद्याचे लेखकही इथूनच मिळतील. आज संहिता बाहेरून आणावी लागते, कारण आपण आत कुणाला लिहूच दिलं नाही.

एका गोष्टीला मात्र माझा कडक विरोध आहे. हा प्रकार लोकप्रिय होऊ लागला की कुणी तरी त्याची स्पर्धा काढणार: करंडक, परीक्षक, सर्वोत्कृष्ट अतिलघुनाटक, रोख बक्षीस. कृपा करून हे करू नका. स्पर्धा आली की शहरातून तोच दिग्दर्शक येईल, तीन मिनिटांची गाजलेली संहिता आणेल, आणि वीस नाटकांतली एकोणीस तालमीच्या आधीच बाद होतील. महाविद्यालयांनी एवढंच करावं. आठवड्यातून एक दिवस, शेवटचा तास संपल्यावर आणि एसटी सुटायच्या आत, एक मोकळी खोली द्यावी. तिची किल्ली मुलांकडे असावी. दोन स्पॉट आणि एक वायर द्यावी. सत्राच्या शेवटी गावातल्या लोकांना बोलवावं आणि त्या वर्षी लिहिलेली जितकी होतील तितकी नाटकं करावीत, चांगलीही आणि फसलेलीही. परीक्षक नको. ज्याचं फसलं त्याला लोकांच्या तोंडावर ते दिसेलच, आणि पुढच्या गुरुवारी खोली उघडीच असेल.